‘सॅन्स्क्रिटायझेशन’ हा शब्द इंग्रजी लेखनात नेमका कुठे वापरावा

मुंबईत समाजशास्त्र शिकणाऱ्या मराठी मुलामुलींच्या इंग्रजी प्रबंधिकांमध्ये जातीचा विषय आला की ‘सॅन्स्क्रिटायझेशन’ (खालची मानली गेलेली जात वरच्या जातीच्या चालीरीती उचलते ती प्रक्रिया) हा शब्द हमखास येतो. एका प्रबंधिकेत चाळीतल्या एका कुटुंबाने मटण सोडल्याबद्दल तो वापरलेला असतो, दुसरीत सरकारी परिपत्रकांतल्या जड मराठीबद्दल, तर तिसरीत गणेशोत्सवाच्या वाढत्या थाटाबद्दल. या तिन्ही गोष्टी परस्परांपासून पूर्णपणे वेगळ्या आहेत आणि त्यांतील एकीलाही हा शब्द जसाच्या तसा लागू पडत नाही. तरीही वाक्य वाचताना काही खटकत नाही, कारण शास्त्रीय संज्ञा वाक्यात आली की वाचणाऱ्याला आणि लिहिणाऱ्यालाही विश्लेषण झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात या संज्ञेच्या पोटात अनेक अटी आहेत, आणि त्या पूर्ण होतात की नाही हे तपासल्याशिवाय ती लिहिणे म्हणजे ज्या माणसांबद्दल आपण लिहितो आहोत त्यांच्या हेतूंविषयी पुराव्याविना विधान करणे होय. म्हणून या एका शब्दाकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे.

या संज्ञेचा मुंबईशी जवळचा संबंध आहे. मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, आणि १९२४ पासून मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो पुढे वाढवला. म्हैसूरहून आलेले एम. एन. श्रीनिवास हे घुर्ये यांचे विद्यार्थी. कर्नाटकातल्या कोडगू लोकांवरचे त्यांचे संशोधन आधी मुंबईतल्या पीएच.डी.साठी झाले. पुढे ऑक्सफर्डला त्यांनी ती सामग्री नव्या सैद्धांतिक चौकटीत मांडली आणि १९५२ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्या पुस्तकात ‘सॅन्स्क्रिटायझेशन’ ही संज्ञा ठळकपणे आली. श्रीनिवास यांचे निरीक्षण असे होते की जातिव्यवस्था वाटते तितकी गोठलेली कधीच नव्हती. विशेषतः उतरंडीच्या मधल्या पायऱ्यांवरील जाती एकदोन पिढ्यांत वर सरकू शकत असत, आणि त्यासाठी त्या मांसाहार व मद्य सोडत, आपले विधी आणि देवदेवता वरच्या जातींच्या धर्तीवर बदलत.

पुढे १९५६ च्या लेखात आणि १९६६ च्या पुस्तकात त्यांनी व्याख्या रुंदावली. १९६६ ची व्याख्या आपल्या शब्दांत सांगायची तर अशी: एखादी खालची मानली गेलेली हिंदू जात, आदिवासी समूह किंवा अन्य गट आपल्या चालीरीती, विधी, विचारसरणी आणि जीवनपद्धती एखाद्या वरच्या, बहुतेक वेळा द्विज, जातीच्या दिशेने बदलतो, ती प्रक्रिया म्हणजे सॅन्स्क्रिटायझेशन. व्याख्या एका दमात वाचली जाते, पण तिच्यातला प्रत्येक शब्द स्वतंत्र अट घालतो. बदलणारा हा समूह असावा लागतो, एकटा माणूस किंवा एकटे घर नव्हे. बदल कुठल्यातरी वरच्या जातीच्या दिशेने असावा लागतो, म्हणजे समोर नमुना असतो आणि तो कोणता हे सांगता आले पाहिजे. विधीपासून विचारापर्यंत बरेच काही हलावे लागते. आणि या बदलाबरोबर सहसा उतरंडीतील वरच्या जागेचा दावा येतो, जो आजूबाजूच्या जाती लगेच मान्य करत नाहीत. श्रीनिवास यांनी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगितली होती: या प्रक्रियेत जातींच्या जागा बदलतात, व्यवस्थेची रचना बदलत नाही. कुणी एक पायरी वर चढतो, कुणी एक उतरतो, पण पायऱ्या तशाच राहतात. हा मुद्दा लक्षात ठेवला की निम्म्याहून अधिक चुका टळतात.

‘ब्राह्मणायझेशन’ असा सरळ शब्द न वापरता त्यांनी हा अवघड शब्द का घेतला, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. तो शब्द अवघडलेला आहे हे श्रीनिवास यांनी स्वतःच मान्य केले होते. पण नमुना दरवेळी ब्राह्मणच असतो असे नाही. कुठे क्षत्रिय म्हणवणाऱ्यांचे अनुकरण होते, कुठे वैश्यांचे. शिवाय ब्राह्मणांच्या चालीही प्रदेशाप्रमाणे आणि काळाप्रमाणे वेगळ्या आहेत. वैदिक काळातले ब्राह्मण सोमपान करीत आणि पशुयज्ञ करीत, त्यामुळे ‘ब्राह्मणांसारखे होणे’ म्हणजे नेमके कोणत्या ब्राह्मणांसारखे, हा प्रश्न उरतोच. संस्कृत भाषेशी तर या संज्ञेचा संबंध फार दूरचा आहे. ‘संगणक’ किंवा ‘दिनांक’ असे शब्द घडवण्याला इंग्रजीत ‘सॅन्स्क्रिटाइज्ड मराठी’ म्हणण्याची रीत आहे आणि ती चूक नाही, परंतु तो भाषेविषयीचा वेगळा वापर आहे. एकाच प्रकरणात दोन्ही अर्थ येत असतील तर लेखकाने पहिल्याच ठिकाणी तसे सांगावे आणि भाषेसाठी शक्यतो दुसरी शब्दयोजना करावी. मराठी पाठ्यपुस्तकांतल्या ‘संस्कृतीकरण’ या रूपात ‘संस्कृती’ ऐकू येते, त्यामुळे काही जण इंग्रजीत लिहितानाही ‘सुसंस्कृत होणे’ असा अर्थ धरतात. त्यातून खालची जात असंस्कृत होती असे विधान नकळत कागदावर उतरते, आणि ते फार गंभीर आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासात या संज्ञेला बसणारी उदाहरणे भरपूर आहेत. १७७९ साली मुंबईतल्या कंपनी सरकारने सोनारांनी ‘नमस्कार’ हे अभिवादन वापरू नये असा हुकूम काढला होता, कारण ते अभिवादन ब्राह्मणांचे मानले जात होते आणि सोनार स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवत होते. एका साध्या अभिवादनासाठी सरकारला हुकूम काढावा लागतो, यावरून अनुकरण ही केवळ आवडीनिवडीची बाब नव्हती आणि वर बसलेले लोक ते रोखण्यासाठी राजसत्ता वापरत असत, हे कळते. श्रीनिवास यांच्या मांडणीत सत्तेचा आणि जबरदस्तीचा हा भाग पुरेसा येत नाही, ही टीका पुढे अनेकांनी केली, आणि माझ्या मते ती योग्य आहे. जो विद्यार्थी ही संज्ञा वापरतो त्याने ‘कुणी विरोध केला’ हा प्रश्नही विचारलाच पाहिजे.

१९०१ च्या जनगणनेत जनगणना आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी जातींची सामाजिक श्रेष्ठत्वानुसार क्रमवारी लावण्याचा घाट घातला आणि देशभरातून जातींच्या संघटनांचे अर्ज येऊ लागले. आम्हाला अमुक नाव द्या, अमुक वर्णात नोंदवा, आमच्यात विधवाविवाह होत नाही, अशा स्वरूपाचे हे दावे होते. ही कागदपत्रे या संज्ञेसाठी उत्तम पुरावा ठरतात, कारण समूह कोण, नमुना कोण आणि दावा काय हे तिथे समूहाच्याच शब्दांत मिळते.

स्त्रियांच्या बाबतीत या प्रक्रियेचे परिणाम फार कठोर होते आणि लेखनात ते हमखास गळून जातात. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत विधवेचा पाट (पुनर्विवाह) लावण्याची चाल होती, मुलीच्या बापाला वराकडून देज (वधूमूल्य) मिळत असे, आणि पटले नाही तर काडीमोड होत असे. एखादी जात वरच्या जागेचा दावा करू लागली की तिचे पंच पाट बंद करत, देजाची जागा हुंड्याला मिळे आणि मुलींची लग्ने लवकर होऊ लागत. पुरुषांच्या दृष्टीने जी जातीची उन्नती होती तिची किंमत तिच्याच घरातल्या विधवेने दिली. म्हणून इंग्रजीत या शब्दाशेजारी ‘प्रोग्रेस’ किंवा ‘अपलिफ्ट’ असे शब्द विचार न करता लिहिणे चूक आहे. सॅन्स्क्रिटायझेशन आणि उन्नती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रीनिवास यांनीही स्पष्ट केले होते की वर न सरकताही एखादी जात आपल्या चाली बदलू शकते, आणि चाली न बदलताही पैसा व सत्ता यांच्या जोरावर वर सरकू शकते.

कोल्हापूरचे वेदोक्त प्रकरण तर वर्गात शिकवण्यासारखे आहे. १८९९ च्या सुमारास शाहू महाराजांच्या लक्षात आले की पंचगंगेवर स्नानाच्या वेळी पुरोहित त्यांच्यासाठी वेदोक्त (वेदांतले) मंत्र न म्हणता पुराणोक्त (पुराणांतले) म्हणतो, कारण तो त्यांना क्षत्रिय मानत नाही. महाराजांनी वेदोक्ताचा हक्क मागितला आणि मोठा वाद पेटला. इथपर्यंत संज्ञा बऱ्याच अंशी लागू पडते: नमुना क्षत्रियांचा, दावा विधीचा, विरोध पुरोहितांचा. परंतु याच महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला आणि पुढे सत्यशोधक चळवळीला आधार दिला. हे राजकारण पायरी चढण्याचे नसून पायऱ्यांच्या मक्तेदारीवरच हात घालणारे आहे. एका माणसाच्या तीन-चार वर्षांतल्या दोन कृतींना एकच संज्ञा पुरत नाही. संपूर्ण चळवळीला किंवा संपूर्ण शतकाला ती लावणाऱ्या वाक्यांकडे म्हणूनच संशयाने पाहावे.

आता प्रत्यक्ष वाक्याकडे वळू. प्रबंधिकांत सर्वाधिक आढळणारा साचा असा असतो: ‘द कम्युनिटी वॉज सॅन्स्क्रिटाइज्ड आफ्टर मायग्रेटिंग टू मुंबई.’ व्याकरणाच्या दृष्टीने यात दोष नाही. परंतु ‘कम्युनिटी’ म्हणजे जात, की एका गावचे लोक, की एका चाळीचे रहिवासी, हे कळत नाही. ‘वॉज सॅन्स्क्रिटाइज्ड’ या कर्मणी प्रयोगाने तर मोठाच घोटाळा होतो, कारण कुणीतरी बाहेरून येऊन त्यांना बदलले असा अर्थ निघतो. श्रीनिवास यांच्या संज्ञेत कर्ता तो समूह स्वतः असतो आणि बदलते त्याची चाल, त्याचा विधी. त्यामुळे इंग्रजीत जातीला कर्तेपद द्यावे आणि ‘रिच्युअल’, ‘डाएट’, ‘मॅरेज कस्टम्स’ यांपैकी जे बदलले त्याला कर्म करावे. बाहेरच्या संघटनेने किंवा राज्यकर्त्यांनी बदल लादला असेल, तर तिथे ही संज्ञा नकोच. ते दडपण आहे, प्रचार आहे किंवा धर्मांतर आहे, आणि त्याला त्याच नावाने ओळखावे.

समजा, असे वाक्य लिहिणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या टिपणवह्या पुन्हा चाळल्या आणि तिला गिरणगावातल्या एका जातमंडळाचा जुना ठराव सापडला. गावी देवीला कोंबडे देणाऱ्या या जातीच्या मुंबईतील मंडळाने १९३० च्या दशकात बळी बंद करावा, विधवांचा पाट लावू नये आणि लग्नाला ब्राह्मण पुरोहित बोलवावा असे ठरवले, आणि त्याच ठरावात आपण मूळचे क्षत्रिय असल्याचे नमूद केले. मग तिचे वाक्य आपोआप बदलते: कोणत्या जातीने, कोणत्या दशकात, कोणत्या मंडळामार्फत, कोणत्या तीन चाली, कोणत्या दाव्यासाठी बदलल्या, आणि गावातल्या इतर जातींनी तो दावा मानला की नाही. एवढे लिहून झाल्यावर वाक्याच्या शेवटी ‘सॅन्स्क्रिटायझेशन’ आले तर ते शोभते, आणि आले नाही तरी वाक्याचे काही अडत नाही. संज्ञा योग्य जागी पडली की नाही हे ओळखण्याची याहून भरवशाची कसोटी मला माहीत नाही.

दिसायला सारख्या, पण मुळात वेगळ्या गोष्टींबाबत मुंबईत फार सावध राहावे लागते. लालबाग-परळच्या चाळींत भजनी मंडळे होती आणि गिरणीत राबणारे कितीतरी लोक माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ घातली की मांस-मच्छी आणि दारू सुटते. बाहेरून पाहणाऱ्याला हा बदल श्रीनिवास यांच्या वर्णनाशी तंतोतंत जुळल्यासारखा वाटेल. परंतु माळ घालणारा माणूस आपली जात वरची आहे असे म्हणत नाही, तो कुणा वरच्या जातीचा आचार उचलत नाही, आणि त्याच्यापुढे ज्या संतांचा आदर्श असतो त्यांत नामदेव शिंपी, सावता माळी आणि चोखामेळाही आहेत. बदललेले जेवण तेच, पण दिशा निराळी. ज्या अभ्यासकाला वारकरी परंपरेची ओळख आहे त्याने हा फरक इंग्रजीत समजावून सांगण्याची जबाबदारी घेतली पाहिजे, कारण परक्या वाचकाला तो आपोआप कळणार नाही.

शाकाहारी रहिवाशांच्या सोसायटीत घर मिळावे म्हणून मांसाहार सोडणाऱ्या, किंवा सोडल्याचे सांगणाऱ्या, कुटुंबाचे उदाहरणही असेच. तिथे घराचा बाजार आणि शेजाऱ्यांचे दडपण काम करते. एका कुटुंबाच्या अशा तडजोडीला समूहाच्या प्रक्रियेचे नाव देता येत नाही. त्याला ‘कन्फॉर्मिटी’ म्हणा, ‘हाउसिंग डिस्क्रिमिनेशन’शी जोडा, पण ही संज्ञा बाजूला ठेवा. कोकणातल्या एखाद्या गावच्या मुंबईतील ग्रामस्थ मंडळाने दादर-परळच्या खोलीत बैठक घेऊन जत्रेतला बळी बंद केला, तर तिथेही घाईने निष्कर्ष काढू नये. गावमंडळात अनेक जातींचे लोक असतात. खर्च, कायदा, शिकलेल्या पिढीची नापसंती अशी कारणे असू शकतात. बैठकीच्या इतिवृत्तात काय लिहिले आहे ते आधी पाहावे.

सर्वांत जपून वागावे असे स्थळ म्हणजे आंबेडकरी चळवळ. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्यास आणि मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ न देण्यास सांगितले. हे तुकडे सुटे काढले तर कुणी म्हणेल की हे वरच्या जातींचे अनुकरण आहे, आणि तसे लिहिलेले इंग्रजी परिच्छेद मी वाचले आहेत. पण त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले होते. ज्या ग्रंथाने पायऱ्या ठरवल्या तो जाळणारी चळवळ त्याच पायऱ्यांवर वरची जागा मागत होती असे म्हणणे पुराव्याला धरून नाही. वेशावरून अस्पृश्य म्हणून ओळखू येण्याची आणि लादलेल्या हलक्या कामांची खूण पुसून टाकणे हा तिथला हेतू होता, आणि तो भाषणांत उघडपणे सांगितलेला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेला तर ही संज्ञा कोणत्याही अर्थाने लागू होत नाही, कारण तिथे उतरंडच सोडली गेली. श्रीनिवास यांनीही मान्य केले होते की अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना या मार्गाने अस्पृश्यतेची रेषा ओलांडता येत नव्हती.

अनुकरणाचा विचार श्रीनिवास यांच्या कितीतरी आधी, १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात, तरुण आंबेडकरांनी मांडला होता, हेही मुंबईच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. बंदिस्त विवाहाची रीत ब्राह्मणांनी सुरू केली आणि इतरांनी तिचे अनुकरण केले, काहींवर मात्र दरवाजे बाहेरून बंद झाले, अशी त्यांची मांडणी होती. श्रीनिवास यांच्या संज्ञेत अनुकरणाने वाट मिळते. आंबेडकरांच्या मांडणीत अनुकरणानेच भिंती उभ्या राहतात. एकाच प्रबंधिकेत दोघांना उद्धृत करायचे असेल तर हा फरक लिहावा लागेल, दोघेही ‘इमिटेशन’बद्दल बोलतात एवढे म्हणून भागणार नाही.

लेखनाच्या बारीक बाबी थोडक्यात सांगता येतील. इंग्रजीत या शब्दाचे पहिले अक्षर मोठे ठेवतात. मधले अक्षर अमेरिकी रीतीने ‘झेड’ घ्यायचे की ब्रिटिश रीतीने ‘एस’, हे एकदा ठरवून शेवटपर्यंत पाळावे, मात्र अवतरणात मूळ लेखकाचेच स्पेलिंग ठेवावे. श्रीनिवास यांच्या ग्रंथांत ते ‘झेड’ने आहे. पहिल्यांदा शब्द येईल तिथे व्याख्या कोणत्या वर्षाची धरली आहे ते सांगणे अत्यावश्यक आहे, कारण १९५२ चा अर्थ ब्राह्मणी आचाराकडे अधिक झुकलेला आहे आणि १९६६ चा त्याहून रुंद. आदिवासी समूहाबद्दल लिहिताना १९५२ चा आधार दिला की परीक्षक तिथेच थांबतो आणि त्याचे थांबणे योग्य असते.

श्रीनिवास यांची आणखी एक संज्ञा, ‘डॉमिनंट कास्ट’, हीसुद्धा अशीच सैल वापरली जाते. तिचा अर्थ ‘वरची जात’ असा नाही. संख्या, जमिनीची मालकी, राजकीय वजन आणि उतरंडीत फार खालची नसलेली जागा यांच्या मेळातून गावावर वर्चस्व गाजवणारी जात, असा तो आहे. गावासाठी घडवलेली ही संज्ञा मुंबईच्या एखाद्या वॉर्डाला लावताना जमिनीच्या जागी काय धरायचे, याचे उत्तर आधी द्यावे लागते.

या सगळ्या अटी वाचून कुणाला वाटेल की मग हा शब्द टाळलेलाच बरा. खुद्द श्रीनिवास यांनी १९५६ च्या लेखात म्हटले होते की ही एक संकल्पना मानण्यापेक्षा अनेक संकल्पनांची जुडी मानणे अधिक फायद्याचे ठरेल, आणि विश्लेषणात तिची मदत होण्याऐवजी अडचण होऊ लागली तर ती ताबडतोब, हळहळ न करता टाकून द्यावी. संज्ञा घडवणाऱ्यानेच इतकी मोकळीक दिल्यावर विद्यार्थ्याने ती धरून ठेवण्याची सक्ती स्वतःवर करून घेऊ नये. ठराव, अर्ज, इतिवृत्त किंवा वृद्धांच्या मुलाखती यांतून समूह, नमुना आणि दावा स्पष्ट दिसत असेल तिथे ती निःशंकपणे लिहावी. दिसत नसेल तिथे ‘या लोकांनी अमुक साली देवीला कोंबडे देणे बंद केले’ एवढेच साध्या इंग्रजीत लिहावे आणि कारणे शोधण्यासाठी पुन्हा गावी जावे.